एक घास जास्त

डबा उघडला तसा फोडणीच्या वरणाचा वास खोलीभर पसरला आणि मैत्रीने श्वास रोखून धरला. पंधरा वर्षांची पोर. नुसत्या वासानेही वजन वाढतं, अशी तिची पक्की खात्री होती.

आकुर्डीच्या त्या दवाखान्यात आज गोळ्या-औषधं नव्हती. घरचं जेवण आणायचं, आईबापांनी पोरीला मध्ये घेऊन बसायचं आणि जेवू घालायचं, असं मिनल मॅडमनी सांगितलं होतं. "आज डॉक्टर तुम्ही दोघं. मी नुसती बघणार. ती नको म्हणेल तिथून पुढे एक घास जास्त, बस. एवढं जमलं तर घरी जमेल. नाहीतर ॲडमिट करावं लागेल. तिचं हृदय फार संथ चाललंय."

सुजितने चाकणच्या कंपनीतून सुट्टी काढली होती. तिथे त्याच्या एका हाकेवर अख्खी लाइन हलायची. इथे तो वरण-भात कालवून लेकीसमोर घास धरून बसला, तो बसलाच.

"घे, लेकरा."

"नको, पप्पा. तूप आहे त्यात."

"तुपानं कुणी मेलंय का आजवर?"

आवाज चढला. मॅडमनी हातानेच खूण केली, तसा तो वरमला. रागावून भागत नाही, गोंजारून भागत नाही, आणि ह्या ड्यूटीला शिफ्ट सुटायची वेळही नाही. घाबरला होता बिचारा.

मैत्रीने भाताची दोन-तीन शितं तोंडात टाकली आणि भर उन्हाळ्यात घातलेल्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. "झालं माझं. आई कुठे जेवतेय?"

सगळ्यांनी वर्षालीकडे पाहिलं. ती मघापासून वाढत होती. तिचं स्वतःचं ताट कोरं होतं.

"ताई, तुम्हीही घ्या ना," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे बघून खाईल ती."

"मी मागून घेते."

"मागून नको. आत्ताच."

वर्षालीने पदर सारखा केला. "मला चालत नाही, मॅडम. ही पहिल्यासारखी जेवायला लागेपर्यंत धान्याचा कण तोंडात घालणार नाही, असं बोललेय मी तुळजाभवानीला."

"कधी?" सुजितने विचारलं.

"संक्रांतीला. राजगिरा, दूध चालतं. अगदीच उपाशी नाही मी."

सुजित बघतच राहिला. त्याचं ताट वाढून, त्याला कामावर धाडून मग ती जेवायला बसायची. बायको कधी जेवते आणि काय जेवते, हे त्याने लग्नापासून पाहिलं नव्हतं, ते आता कुठून दिसणार? आणि वर्षालीला तरी काय म्हणावं! पोरीने खावं म्हणून आईने खाणं सोडलं होतं. वेडी माया, दुसरं काय.

मैत्री आईकडे टक लावून बघत होती. "आईने खाल्लं तर मी पण खाते," ती म्हणाली.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. सुजितच्या तर जिवात जीव आला. हातातला तोच घास त्याने बायकोच्या हातात दिला. "ऐकलंस ना? खा. मी तुळजापूरला जातो, देवीपुढे लोटांगण घालतो, पाया पडून माफी मागतो. तू खा फक्त."

वर्षालीने घास ओठांपर्यंत नेला. एवढे महिने तिने देवीला धरून ठेवलं होतं ते ह्या एका गोष्टीच्या जोरावर. तीच आपल्या हाताने मोडायची, आणि मग उद्या पोरीचं ते संथ चाललेलं हृदय... तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला नाही जमत हो. हिला काही झालं म्हणजे?"

"अगं, एक घास!" सुजित ओरडला. "एका घासानं काय होतंय?"

"पप्पा, तिच्यावर ओरडू नका." मैत्रीचा आवाज इतका मऊ घरात कुणी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "भीती वाटतेय तिला. तुम्हाला नाही कळणार."

तिने आईच्या बोटांतला घास अलगद काढून घेतला आणि ताटात ठेवला. मग आईची बोटं स्वेटरच्या बाहीने एकेक करून पुसली.

"नको खाऊस, आई," ती म्हणाली. "मी पण नाही खात."