राहीबाईंची राखण

"हाऽऽ हाऽऽ!"

राहीबाईंचा हात आपसूक वर गेला आणि परसातल्या मुनिया भुर्रकन उडून शेजारच्या शेवग्यावर जाऊन बसल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत फोटो काढायला मोबाईल धरून उभी असलेली त्यांची सून, प्रार्थना, कपाळाला हात लावून बाहेर आली.

"अहो आई! आत्ता कुठे टेकल्या होत्या हो!"

"जीभच मेली ऐकत न्हाई बाई," राहीबाई ओशाळून म्हणाल्या. "दाण्यावर पाखरू बसलं की आरोळी निघतीच."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पाथर्डीकडच्या कोरडवाहू रानात त्यांनी जन्मभर ज्वारी राखली होती. कणसं भरली की रानातल्या माळ्यावर, उंच मचाणावर चढायचं, गोफण फिरवायची आणि घसा बसेस्तोवर ओरडायचं. त्यांच्या आवाजाने म्हणे शेजारच्या शिवारातलीही पाखरं उठायची. आता गुडघे थकले म्हणून लेकाने, अँड्र्यूने, त्यांना राहुरीला आणलं, तर इथे सून विकतची बाजरी टांगून पाखरांना आवतण देत होती! प्यायला मातीच्या थाळीत पाणी, वर सावलीला फांदी. अँड्र्यूच्या लग्नात व्याह्यांचीसुद्धा एवढी सरबराई झाली नव्हती.

शेवटी प्रार्थनाने फर्मान काढलं. "उद्या पुन्हा ओरडलात, तर सकाळी हॉलमध्येच बसायचं. टीव्ही लावून देईन."

राहीबाईंनी आपल्या बाजेकडे बघितलं. त्या बंदिस्त घरात आभाळ दिसायचं ते परसातच. तिथलं ऊन आणि तिथली बाज गेली, तर दिवसभर करायचं काय? त्या रात्री त्यांना जेवणही नीट गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाजेवर बसल्या, ते पदराचा बोळा तोंडात धरूनच. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. खिडकीत प्रार्थनाला हसू आवरेना.

एक मुनिया आली. तिच्यामागून सगळा थवाच उतरला. राहीबाईंचे खांदे हलले, मान ताठ झाली. आता आरोळी येणार म्हणून प्रार्थनाने डोळेच मिटून घेतले. पण आरोळी आलीच नाही. पाखरं निवांत दाणे टिपत राहिली, एकमेकांना ढकलत, फोलपटं उडवत. पोट भरल्यावर आपली आपण निघून गेली.

प्रार्थना धावतच बाहेर आली. "जिंकलात आई!" म्हणाली आणि थबकली. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "अहो, काय झालं? एवढा त्रास झाला गप्प बसायला?"

राहीबाईंनी तोंडातला पदर सोडला.

"न्हाई गं. जन्मभर पाखरं हाकलली, पर दिसायची ती पळताना त्यांची पाठच. तोंडं आज बघितली. लई गोड हायेत मेली!"