अंधाराचा वॉचमन

पडद्यावर उजेड उरला होता. पाच वर्षं रोज वजाबाकी केली आणि रोज शून्य आलं. आज, बुधवारी सकाळी सव्वाअकराला, चक्क उरला होता.

"उरला!" सर खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "अगं, विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांचा उजेड! ते कधीच विझले, हा अजून फिरतोय!"

तिने मान डोलावली. वजाबाकी तिचंच काम. दुर्बीण अवकाशात होती. दुर्बिणीच्या फोटोतून ती आधी तारे वजा करायची, मग दीर्घिका, मग उन्हात चमकणारी धूळ. शेवटी खुद्द कॅमेऱ्याचे भास. गच्च काळोखातही कॅमेऱ्याला थोडंफार दिसतंच, भित्र्या माणसासारखं. ते किती, हे मोजायला तळघरात एक जुळा कॅमेरा होता. रोज तीन तास तो अंधाराचे फोटो काढायचा.

"पण आजच का?" सरांचा चेहरा उतरला. शास्त्रज्ञाला आनंद फार वेळ सोसत नाही. "काय बदललं?"

"मामा नाहीत," ती म्हणाली.

मामा म्हणजे ऑफिसचे शिपाई. ते तीन तास कुणी चुकून दार उघडू नये, म्हणून ते आतून कडी लावून स्टुलावर बसायचे. सगळे त्यांना अंधाराचा वॉचमन म्हणत. ऑफिसात तीही मामाच म्हणायची, घरी बाबा. गेल्या आठवड्यात मंगळवारी ते गेले. शुक्रवारी ती कामावर हजर. "तू ना, दगड आहेस दगड," आत्या फोनवर म्हणाली. तिला ते पटलं. दगडाला जेवण जात होतं, झोपही लागत होती.

मधला आठवडा तळघर बंदच होतं. काल पहिल्यांदाच मामांशिवाय, बाहेरून कुलूप घालून, अंधार मोजला गेला होता.

तळघराच्या दारावर यादी होती: फोन नको, टॉर्च नको, चकाकणारं काही नको. यादी तरुण मंडळींनी केलेली. मनगटी घड्याळ नावाची वस्तू त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. मामांच्या हातात मात्र रेडियमच्या काट्यांचं घड्याळ असायचं. तीन तास झाले हे कळायला नको? जुळ्या कॅमेऱ्याने ते काटे इमानेइतबारे टिपले, आणि तिने ते पाच वर्षं आकाशातून वजा केले. पहिले तारे बाबांच्या मनगटाआड होते.

"हा झाला अंदाज," सर म्हणाले. "ते घड्याळ घालून कुणीतरी पुन्हा बसायला हवं. जुनाच आकडा आला, तर उजेड खरा. नाही आला, तर दुसरंच काहीतरी बिघडलंय, आणि पाच वर्षं पाण्यात." ते जरा चाचरले. "दुसऱ्या कुणाला बसवू का?"

"घड्याळ माझ्याच पर्समध्ये आहे," ती म्हणाली.

पट्टा शेवटच्या भोकातही सैल होता. बारा वाजता तिने आतून कडी लावली. तीनला काढली. मधे काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, बसले होते. स्टूल जरा डगमगतं, एवढंच नवं कळलं.

वर सरांच्या टेबलाभोवती गर्दी जमली होती. जुनाच आकडा, तंतोतंत. टाळ्या पडल्या. "मामांनी पाच वर्षं अख्खं विश्व झाकून ठेवलं होतं!" कुणीतरी ओरडलं, आणि ती आलेली दिसताच जीभ चावली.

सरांचं लक्ष मात्र ग्राफवर होतं. सरळ रेघ, आणि मधेच विस्कटलेली. उजेड वर, खाली, पुन्हा वर.

"एक दहा ते एक बावीस," ते म्हणाले. "हात सारखा चेहऱ्याकडे जात होता का? कारण लिहावं लागेल गं. नाहीतर सगळं मोजमाप बाद धरतील."

तिने चष्मा पुसला. वाकून ती रेघ बारकाईने पाहिली, दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट पाहावा तशी.

"रडत होते बहुतेक, सर," ती म्हणाली. "बारा मिनिटं. लिहून घ्या."