डिस्चार्ज

चावी फिरवली की बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ व्हायचं. इंजिन ढिम्म.

मुलीने पुन्हा फिरवली. टक्. दवाखान्याच्या आवारात, भिंतीच्या सावलीत, गाडी महिनाभर उभी होती. दाखल व्हायला वडील स्वतःच ती चालवत आले होते. आता ते शेजारच्या सीटवर होते, खुंटीला सदरा अडकवावा तसे. आई मागे, पिशव्यांच्या गराड्यात.

“ॲम्ब्युलन्स सांगू का?”

“आडवा होऊन मी घरी जाणार नाही,” वडील म्हणाले.

तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. जुनी गाडी आहे, तो म्हणाला, बॅटरी गेली असणार, स्टार्टरही गेला असेल, दोन्ही नवीन टाकू. पण उद्या.

“त्याचं काय जातंय नवीन टाकायला?” वडील म्हणाले. “आधी दुखतंय कुठे ते तर बघू. दिवे लाव.”

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला.

“आता तसेच ठेवून चावी फिरव.”

टक्. उजेड मलूल झाला, सोडताच परत आला.

“म्हणजे बॅटरीत जीव आहे. पुढे पोचत नाहीये. बॉनेट उघड, माऊ.”

त्या बॉनेटला घरात आजवर दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. त्यांनी लावू दिला नव्हता. ती उतरून समोर नुसती उभीच राहिली, तेव्हा ते हसले. “अगं, यंत्र आहे ते, सासू नव्हे. हात लाव.”

त्यांनी दार उघडून पाय बाहेर सोडले आणि तिथूनच विचारलं, “काय दिसतंय?”

“बॅटरीच्या वायरींच्या तोंडावर काहीतरी फुललंय. पांढरं-हिरवं.”

“तेच अडवतंय. डिकीतल्या पेटीत दहाचा पाना आहे, पॉलिश पेपर आहे. काढताना आधी काळी वायर, मग लाल. लावताना उलट. पाठ करून ठेव.”

आई कॅंटीनमधून थर्मास भरून कढत पाणी घेऊन आली. पाणी पडताच तो थर चरचरत वाहून गेला. मुलीने दोन्ही तोंडं लखलखेपर्यंत घासली. वर चोपडायला वडिलांनी व्हॅसलिन मागितलं, तेव्हा आईने पर्समधली डबी काढून दिली. महिनाभर ती त्यांच्या ओठांना तेच लावत होती.

“बघा, किती बोलताहेत आज,” आई म्हणाली. “घरी जायचं म्हटल्यावरच निम्मं दुखणं गेलं.”

मुलगी पाना आवळत राहिली. सकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेतलं होतं. घरी न्या, ते म्हणाले होते, आता इथे ठेवून उपयोग नाही. तिने दोघांना येऊन सांगितलं होतं, सुट्टी मिळाली.

चावी फिरवली. टक्.

“काळ्या वायरीवरून हात फिरव. कुठे गरम लागतेय?”

“खाली. बॉडीला बोल्ट लावलाय तिथे. गंजलाय तो.”

“सापडला चोर! तिथेही तेच करायचं. पाणी आहे का अजून?”

थर्मास रिकामा होता. आई पुन्हा कॅंटीनकडे निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत वडील तिच्याकडे बघत होते.

“पावसाळ्याआधी दर वर्षी हा बोल्ट बघायचा,” ते म्हणाले.

“तुम्ही बघालच की.”

“स्टेपनीत हवा कमी आहे, भरून घे. ब्रेक जोरात दाबला की डावीकडे ओढते, घाबरायचं नाही. लांबच्या प्रवासाला हिला काढू नकोस. गॅरेजवाला काहीही सांगो, आधी आपण बघायचं.” ते दम खायला थांबले. “आणि आईला पुढे बसवत जा. मागे बसलं की तिला मळमळतं. ती सांगायची नाही.”

पाना तिच्या हातातून निसटला आणि खाली कुठेतरी खणखणला. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे त्यांना तिचं तोंड दिसलं नाही. तिने तेलकट हातानेच डोळे पुसले.

“मिळाला का?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“शोधतेय.”

“शोध. घाई नाही.”

आई पाणी घेऊन आली. बोल्ट घासून झाला, वायर घट्ट बसली. मुलीने चावी फिरवली. गाडीने एकदा आचका दिला आणि सुरू झाली. आईने मागून टाळी वाजवली. “बापावर गेलीय अगदी!” वडिलांनी डोळे मिटले आणि इंजिन ऐकत राहिले.

“रस्त्यात बंद करू नको,” मग ते म्हणाले. “चार्ज होऊ दे.”

ती हळू चालवत होती. वडील काच खाली करून दुकानं, माणसं, कोपऱ्यावरची शाळा बघत होते. ब्रेक लागला की गाडी डावीकडे ओढ घ्यायची आणि ते स्टिअरिंगला बोट लावायचे. मागे आई गप्प झाली होती, पदर तोंडाशी धरून.

घर आलं. मुलीने गाडी फाटकाशी उभी केली. इंजिन चालूच ठेवून ती हातांकडे बघत बसली. वडीलही उतरले नाहीत.

आई उतरली. तिने फाटक उघडलं. दाराचं कुलूप काढलं, दोन्ही फळ्या सताड उघडल्या, आत जाऊन पुढच्या खोलीतली खिडकी उघडली. पलंगावर धुतलेली चादर अंथरताना ती गाडीतून दिसत होती. उशी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

मग ती बाहेर आली. मुलीला वाटलं, ती वडिलांना हात देईल. पण ती त्यांच्या दारावरून पुढे गेली, मागचं दार उघडून आपल्या जागी बसली आणि दार ओढून घेतलं.

“बसू या थोडा वेळ,” ती म्हणाली. “बंद नको करूस.”