अकरावी वायर

हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या नेटवर्कचा नवा स्विच बसवायचा होता आणि जुन्या वायरींवर एकही चिठ्ठी नव्हती. मग आमची रीत: एकेक वायर उपटायची, कोण बोंबलतंय ते ऐकायचं. "अरे बाबा, माझं बिलिंग गेलं," असं कुणी म्हटलं की वायर परत खोचून नाव चिकटवायचं.

अकरावी उपटली, तर सगळं गपगार. "फालतू असेल, काका. चला चहाला," जोडीदार म्हणाला. गेलो.

परतलो तर सिस्टर कोपऱ्यातल्या खोलीकडे पळत होत्या. तिथल्या पेशंटचे ठोके चुकले की सिस्टरांच्या टेबलावर भोंगा वाजायचा, तो त्याच अकराव्या वायरीवर. मी ती खोचेपर्यंत सारं संपलं होतं.

पेशंटची बायको दारात आली. माझ्या हातातली पक्कड बघून म्हणाली, "मशीन बघायला आलात का, भाऊ? आमचं राहू द्या आता. शेजारच्यांचं बघा."