बाबांचा मंगळवार

बंद दारामागे बाबा हसले. बाहेर बाकावर बसलेल्या वकीलसाहेबांनी ते हसू ओळखलं आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

आई गेल्यापासून हे हसू घरात एकदाही ऐकू आलं नव्हतं. घरात बाबांचा शब्दसंग्रह तीन शब्दांवर आला होता: हो, नको आणि बरं. आणि इथे, या समुपदेशक बाईंसमोर, दर मंगळवारी तासभर गप्पा. बाई म्हणायचं ते आदराने. वकीलसाहेबांच्या मते ती कालपरवा कॉलेजातून सुटलेली पोर होती. पायात कॅनव्हासचे बूट, खिडकीत एक मरतुकडी कुंडी, आणि दु:खावर बोलायला बसली होती! बाबांना इथे आणा, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. पण गाडीतून आणायचं काम वकीलसाहेबांकडेच होतं. सख्ख्या बापाला आपल्याच पेट्रोलवर परक्याच्या ओटीत नेऊन टाकायचं, आणि वर बाहेर मासिकं चाळत बसायचं.

"आज काय बोललात?" परत जाताना ते दरवेळी विचारत.

"असंच काहीतरी."

"असंच म्हणजे आईबद्दलच ना? झोपेबद्दल? की गुडघ्याचं?"

"बरं," बाबा म्हणत आणि काचेबाहेर बघत बसत.

समोरच्याचं वाक्य तो संपवायच्या आत आपणच संपवून टाकायचं, ही वकीलसाहेबांची हातोटी होती. कोर्टात तिचे पैसे मिळत. घरी ती सेवा मोफत होती.

"अहो, ती काही बाबांना पळवून नेत नाहीये," बायको म्हणाली.

"मग माझ्याशी का नाही बोलत ते?"

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे—"

"मी काय कमी केलंय त्यांचं? सांग ना!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

शेवटी वकीलसाहेबांनी त्या बाईची विद्या चोरायची ठरवली. "करते तरी काय ती नेमकं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"काही नाही. बसते."

एवढंच? मग एका संध्याकाळी तेही बाबांसमोर बसले. फोन बाजूला ठेवला. चेहऱ्यावर मऊ भाव आणले. बराच वेळ गप्प राहिले, इतका की बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. अखेर बाबांनी घसा साफ केला.

"आईचं…"

"पेन्शनचं ना? झालं बाबा. तुमची एक सही तेवढी राहिलीय."

"बरं," बाबा म्हणाले.

आणि आज आत पुन्हा हसू. दुसऱ्यांदा! वकीलसाहेब उठले. पुरे झालं. घरचं माणूस समोर हजर असताना भाड्याचे कान कशाला, एवढा एकच मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. त्यांनी दारावर टकटक केली, आणि 'या' म्हणायची वाट न बघता दार ढकललं.

बाई कोपऱ्यात बसली होती. बोलत नव्हती, लिहीतही नव्हती. बाबांची पाठ दाराकडे होती. त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, एक रिकामी खुर्ची होती, आणि बाबा त्या खुर्चीशी बोलत होते.

वकीलसाहेब आपला बिनतोड मुद्दा घेऊन दारातच थांबले. आई. बाबा आईशी बोलत होते. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्यांना, लाज वाटावी इतका, आईचाही हेवा वाटला. तिने जाऊनही त्यांच्या आधी नंबर लावला होता.

"तुला राग येईल म्हणून बोललो नाही इतके दिवस," बाबा खुर्चीला सांगत होते. "आईचं कपाट तू मला न विचारता रिकामं केलंस. चांगल्या मनानेच केलंस, कळतं मला. पण तिचा एक स्वेटर तरी ठेवायचास माझ्यासाठी. आता तू म्हणशील, 'बाबा, ते झालं, आता पुढचं बघू.'" इथे बाबा हुबेहूब वकीलसाहेबांसारखे खाकरले आणि स्वतःच खुदकन हसले. मग त्यांनी खुर्चीपुढे हात धरला. "थांब. आज मला पुरं बोलू दे."

खुर्ची थांबली.

"बाबा, मला वाटलं तुम्हाला ते बघून त्रास—" वकीलसाहेब दारातून बोललेच.

बाबा वळले. दचकले वगैरे नाहीत. त्यांनी दारातल्या मुलाकडे पाहिलं, मग समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि पुन्हा मुलाकडे.

"आत्ता नको रे येऊस," ते म्हणाले. "आत्ता कुठे तू ऐकायला लागला होतास."