ओलं फडकं

माती वाळू नये म्हणून तिनं आईच्या अर्धपुतळ्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि वरून प्लास्टिक आवळून बांधलं.

शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई कासावीस झाली. “अगं, श्वास कोंडतोय माझा.”

खिडकी तर सताड उघडी होती. काय मनात आलं कोण जाणे, तिनं स्टुडिओत येऊन दोरीची गाठ सोडली. आईला बरं वाटलं. पुन्हा बांधली, पुन्हा तेच.

मग तिनं पुतळा उघडाच ठेवला. दुपारी मातीच्या ओठाला चीर गेली आणि आईच्या ओठातून रक्त आलं. घाईघाईनं चिरेवर पाणी शिंपडलं, तर आतून ठसक्यावर ठसके.

तिनं दोरी उचलली, परत खाली ठेवली.

आई आतून समजुतीनं म्हणाली, “बांध गं आता. चेहरा तरी नीट राहू दे माझा.”