फक्त गाडी

विधीला परीक्षेसाठी एक हिंदी कादंबरी होती. तिची गोष्ट तिने सातपुड्यातल्या मैत्रिणीच्या आईला, मोगराबाईंना सांगितली: हुंडा जमला नाही, म्हणून मुलगी बापाच्या वयाच्या बिजवराला दिली.

मोगराबाईंच्यात मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज देतात. त्या चक्रावल्या. “पोरगी द्यायची आन् वरून पैसेबी? काय खोट होती तिच्यात?”

रविवारी दोंडाईच्याला विधीला बघायला अर्हम आणि त्याचे वडील आले. चहा घेता घेता वडील म्हणाले, “आमची मागणी काही नाही. फक्त गाडी.”

विधीचे पप्पा होकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, “काका, गाडी कशाबद्दल? माझ्यात काय खोट आहे?”

“छे, छे! काहीच नाही, बेटा.”

अर्हमने कप खाली ठेवला. “मग पप्पा, ती माझ्यात असेल.”